सांगितला नाय, वाचून घेतला

दहिवलीची श्रद्धा सायबर सुरक्षेत एमएस्सी करायला लागली, तेव्हा तिच्या आईनं, इंदूबाईनं, आळीभर सांगितलं, "पोरगी चोरांचं शिकते." त्याला दोन वर्षं झाली. दिवसभर साजगावच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर गाड्यांच्या नोंदी, घरी आल्यावर पुस्तकं, रविवारी कॉलेज. एकतिसाव्या वर्षी डोळ्यांखाली अशी काळी वर्तुळं, की शेजारची सोनाबाई विचारायची, "काय गं, तू चोर धरलास का चोरानं तुला?"

वर्ग संपले. उरला फक्त प्रकल्प. पन्नास बायकांना विचारायचं, फोनवर आलेला ओटीपी कुणाला सांगता का? सोमवारी फॉर्म दिले नाहीत तर पदवी वर्षभर लांबणार. कॉलेजातले सर नाकातून बजावायचे, "डेटा, श्रद्धा, डेटा! गोष्टी नकोत."

आळीतल्या एकोणपन्नास जणींचे फॉर्म भरले. उत्तर एकच, "नाय गं बाय, आमी नाय सांगत." पन्नासावी आई.

रविवारी दुपारी श्रद्धानं ओट्यावर बसून पेन उघडलं, तोच गॅसचा टेंपो आला.

"काकी, सिलिंडरचा फोनवर आलेला नंबर!" ड्रायव्हर ओरडला.

इंदूबाईनं फोन कुंपणावरून सोनाबाईकडे दिला. सोनाबाईनं तो हातभर लांब धरला आणि देवळापर्यंत ऐकू जाईल असं वाचलं, "चाऽर! साऽत! शून्य! आनि परत चाऽर!"

श्रद्धाचं पेन थांबलं. "आई, बँकेचा नंबर येतो तेव्हा?"

"तो बी तीच वाचते. चौथी शिकलेली हाय."

"पण तू तर म्हणतेस, कुणाला सांगत नाही!"

"मग? मी कुटं सांगितला? तिनं वाचला."

"सोनाबाई, आणखी कुणाचे वाचता?"

"अख्ख्या आळीचे," सोनाबाई ऐटीत म्हणाली. "पन मी तरी कुनाला सांगते का?"

श्रद्धा हसली नाही. हसायलाही अंगात त्राण लागतं. एकोणपन्नास जणी खरं बोलल्या होत्या आणि एकोणपन्नास फॉर्म खोटे होते. तसेच दिले तर सर खूश, पदवी हातात.

तिनं फॉर्मांचा गठ्ठा मांडीवर घेतला. मग तो पालथा केला आणि कोऱ्या पाठीवर लिहिलं: तुमचा नंबर वाचतं कोण?

"म्हंजे आनिक एक वरीस?" इंदूबाईनं विचारलं.

"हो."

सोनाबाई कुंपणावर रेलली. "लिव मग. पयलं नाव माजं. पुडची बी माजीच लिव, तेवडीच तुजी पायपीट वाचंल."