चंपाबाईंचं कडवं

भगवंत मास्तरांनी आयुष्यात कधी खडू हातात धरला नव्हता. सुरतेतल्या उधन्याच्या ज्या संचाखात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या शेडमध्ये, त्यांची हयात गेली, तिथं बिघडलेला माग चालू करून देणाऱ्याला मास्तर म्हणतात. पण मास्तरकी शाळेतली असो की मागावरची, ती माणसाला एक खोड लावून जाते. चूक नेहमी समोरच्याची असते. माग अडला की मास्तर धाग्याला दोष देत. धागा चांगला निघाला तर कारागिराला, आणि कारागीरही चांगला निघाला तर सुरतेच्या दमट हवेला. मास्तर स्वतः कधी बिघडले नाहीत.

त्या शेडमध्ये शेकडो मागांचा खडखडाट असे. तिथं आवाजाला काही किंमतच नव्हती. माणसं ओठांनी बोलत. गावाकडच्या बातम्या, चहाची ऑर्डर, शेटला द्यायच्या शिव्या, सगळा कारभार बिनआवाजाचा. मास्तर शेडच्या या टोकाला उभे राहून त्या टोकाच्या कारागिराची चुगली ओठांवरून वाचत, आणि या विद्येचा त्यांना फार अभिमान होता. माग दुरुस्त झाला की त्यावरचं पहिलं हातभर कापड ते उजेडाला धरत आणि नुसते ओठ हलवून म्हणत, "पास". नाही म्हणायचं असलं तर मान हलवत. त्यांनी कुणाच्या भिडेला पडून पास म्हटल्याचं कुणालाही आठवत नाही.

घरीही त्यांचा एकच कायदा होता: "तोंड दाखवून बोल." पाठमोरं बोललेलं, मान खाली घालून बोललेलं, तोंडावर पदर घेऊन बोललेलं त्यांना चालत नसे. घरच्यांनी ही शिस्त मास्तरकीच्या खात्यात जमा केली होती. मुलगी चैताली लग्न होऊन बारडोलीला गेली, तिथं सासूशीही ती तोंड दाखवून बोलू लागली आणि पहिल्याच महिन्यात उद्धट ठरली.

निवृत्त होऊन मास्तर पांडेसऱ्यातल्या दोन खोल्यांत बसले. हाताखाली माग नाही, कारागीर नाही. नळ, पंखा आणि चंपाबाई यांच्यावर भागवून घेणं चाललं होतं. अशात घरात स्पीकर आला.

तो आला चंपाबाईंमुळे. चंपाबाई म्हणजे मास्तरांच्या पत्नी. विहाराच्या महिला मंडळाच्या कुठल्याही फोटोत त्या असतात, पण अर्ध्याच. उरलेल्या अर्ध्या कुणाच्या तरी खांद्यामागे. मंडळानं बुद्धपौर्णिमेसाठी एक गाणं बसवलं होतं. शब्द मंडळातल्या कविताताईंचे, चाल सगळ्यांनी मिळून लावलेली, म्हणजे भांडून ठरलेली. ते गाणं एका बँडवाल्याच्या माळ्यावर रेकॉर्ड झालं आणि कविताताईंच्या मुलीनं फोनमधल्या गाण्यांच्या अ‍ॅपवर चढवलं. आता हे जगभर ऐकू येईल, असं तिनं जाहीर केलं. जगाचं काही कळायला मार्ग नाही, पण पांडेसऱ्यात ते घरोघर वाजलं. आणि त्यातलं तिसरं कडवं चंपाबाईंनी एकटीनं म्हटलं होतं. ज्या बाई म्हणणार होत्या त्यांचा घसा ऐन वेळी बसला होता, आणि खांद्यामागून ओढून पुढं केल्या गेल्या त्या चंपाबाई. घरी त्यांनी हे कुणाला सांगितलंच नव्हतं. गाणं वाजल्यावर शेजारणीकडून कळलं. चैतालीनं कौतुकानं बारडोलीहून स्पीकर पाठवला.

पहिल्या संध्याकाळी गाणं वाजून संपलं. चंपाबाई पदराला हात पुसत समोर येऊन उभ्या राहिल्या.

"कसं वाटलं? माहं कडवं?"

लग्नापासून आजवर या बाईनं स्वतःबद्दल काही विचारलं नव्हतं. भाजी कशी झाली हेही ती विचारत नसे. ते मास्तर न विचारता सांगत. मास्तर सावरून बसले आणि प्रामाणिकपणे आठवू लागले. ढोलकी ऐकली होती. पेटी ऐकली होती. तिसऱ्या कडव्याला ढोलकी दबली आणि रांजणात डास अडकल्यासारखं काहीतरी झालं, मग पुन्हा ढोलकी. डासाला पास म्हणता येत नाही, आणि नापासही.

"आवाज साफ नाही," मास्तर म्हणाले.

त्यांना म्हणायचं होतं स्पीकरचा. चंपाबाई "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. जेवताना मास्तरांच्या लक्षात आलं की आपण काय म्हणालो आणि ते कुठं जाऊन लागलं. "तुहा नाही, त्या डब्याचा," त्यांनी खुलासा केला. चंपाबाई "हो ना" म्हणाल्या. पण बायकोच्या "हो ना"चे किती प्रकार असतात, हे इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आता एकच मार्ग होता. डबा सुधारायचा, कडवं नीट ऐकायचं आणि मग खरं उत्तर द्यायचं. उगाच "छान होतं" म्हणून सुटता आलं असतं. पण ज्या माणसानं कापडालाही कधी खोटं पास केलं नाही, त्यानं बायकोच्या आवाजाला कसं करावं? शिवाय तिला ते लगेच कळलं असतं.

मास्तरांनी पुतण्याला बोलावलं. धम्मपालचं नाक्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि बिघडलेली वस्तू पाहिली की त्याचे डोळे तसेच चमकत जसे काकांचे. पहिल्याच दिवशी त्यानं अ‍ॅपच्या पोटात शिरून गुन्हेगार पकडला. नेट वाचावं म्हणून अ‍ॅप गाणं पिळून, पातळ करून पाठवत होतं. त्यानं ते वरच्या दर्जावर नेलं. मग फोन आणि स्पीकर यांच्यातला हवेतला संबंध तोडून वायर जोडली. स्पीकर फ्रिजवर स्टीलच्या डब्यांच्या रांगेत ठेवला होता, त्यामुळे दर गाण्यात साखर, चहा आणि रवा कोरसला असत. तो खाली आला, भिंतीपासून हातभर पुढं सरकला आणि शिलाई मशीनच्या टेबलावर बरोबर कानाच्या उंचीला बसला.

मग धम्मपाल म्हणाला, घर घुमतं. खाली फरशी, चारी बाजूंना मोकळ्या भिंती, आवाज चेंडूसारखा उड्या मारतो. कापड लावा. सुरतेत माणसाला कशाचीही टंचाई पडेल, कापडाची नाही. मास्तरांनी जुन्या ओळखीनं साड्यांचे डागी तुकडे आणले आणि गुलाब, मोर, कैऱ्या अशा भिंती सजवल्या. शेजारच्या मारुतीनं दारातून डोकावून लग्न कोणाचं म्हणून विचारलं. पण इतक्या तलम कापडानं काही होत नाही, जाड पाहिजे, असं धम्मपालचं मत पडलं. मग चंपाबाईंच्या हातच्या गोधड्या भिंतीवर चढल्या. त्यांनी मुकाट्यानं ट्रंकेतून काढून दिल्या. शेवटी एक बंद पडलेला ऑर्केस्ट्रा हुडकून त्याचे दोन मोठे स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर घरी आले. आता बैठकीत बसायला जागा अशी एकच खुर्ची उरली आणि तिच्यावर मास्तर.

यातली एकेक गोष्ट खरोखर गुण देत होती. धम्मपालला पेटीच्या भात्याचा श्वास ऐकू येऊ लागला. कोरसमधल्या कुणाच्या तरी बांगड्या ऐकू येऊ लागल्या. मारुती तर म्हणाला की बाई प्रत्यक्ष पुढ्यात बसून गातात असं वाटतं. मास्तरांनाही ढोलकीवरचं बोट न् बोट कळत होतं. फक्त तिसरं कडवं आलं की रांजण, आणि रांजणात डास.

"अजून साफ नाही," ते म्हणत. आणि स्वयंपाकघरातल्या चंपाबाई ते ऐकत.

पावसाळा सरला. अशोक विजयादशमीच्या कार्यक्रमाची तालीम विहारात सुरू झाली. रविवार आला, चंपाबाई घरीच. पुढचा रविवार आला, त्या गहू निवडत बसल्या. मास्तरांनी कारण विचारलं. त्यांनी सुपातून मान वर केली आणि सांगितलं, "कविताताईले निरोप देल्ला. म्हटलं, माहं कडवं दुसऱ्या कोनाले द्या."

निरोप कशामुळे गेला ते मास्तरांना कळलं. पण खोड जाते कुठं? त्यांनी धम्मपालला बोलावून स्पीकरची शेवटची तपासणी करायचं फर्मान काढलं. आज या बेट्याचा निकाल लावायचाच.

धम्मपालकडे फोनमध्ये तपासणीचा एक आवाज होता. एक शिट्टी, अगदी खर्जातून निघते आणि बारीक बारीक होत वर चढते. स्पीकर कुठपर्यंत साथ देतो ते त्यावरून समजतं. आवाज संपला की हात वर करा, असं त्यानं काकांना सांगितलं. मास्तर खुर्चीत ताठ बसले, डोळे मिटले. शिट्टी निघाली. घुमली, चढली, बारीक झाली, आणि विझली. मास्तरांनी हात वर केला.

"इथं संपला स्पीकर. म्हनत नव्हतो मी?"

त्यांनी विजयी मुद्रेनं डोळे उघडले. स्वयंपाकघराचं दार समोरच होतं. ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या चंपाबाईंनी कणकेचे दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले होते. दारात बसलेला मारुतीही तोंड वाकडं करून कानात बोट फिरवत होता. धम्मपाल फोनकडे पाहत काहीतरी म्हणाला.

"तोंड दाखवून बोल," मास्तर म्हणाले.

धम्मपालनं मान वर केली. "मोठेबाबा, स्पीकर अजून वाजून राह्यला."

मास्तर पुन्हा कान देऊन बसले. खोलीत त्यांच्यापुरती शांतता होती. धम्मपालनं बटण दाबलं, तेव्हा चंपाबाईंनी हात खाली घेतले. त्यांच्या दोन्ही कानांना कणीक लागली होती.

मारुती कसलं तरी काम आठवून उठून गेला.

मास्तर भिंतीवरच्या गोधड्यांकडे पाहत राहिले. इतक्या दिवसांत त्यांनी अ‍ॅपला दोष दिला होता, हवेला दिला होता, फ्रिजला, फरशीला आणि पुऱ्या ऑर्केस्ट्र्याला दिला होता. एकच यंत्र तपासायचं राहिलं होतं. शेडमध्ये कारागीर एकमेकांना बहिरा म्हणत, पण तो नेहमी दुसराच कुणीतरी असे. आणि त्यांचं तरी काय अडलं होतं? माणसं तोंड दाखवून बोलत होती, त्यांना सगळं कळत होतं. ओठ वाचता वाचता कानांनी कधी अंग काढून घेतलं, याची त्यांना वर्दीच मिळाली नव्हती.

मग एकेक आठवू लागलं. चंपाबाईंनी त्यांना कधी मागून हाक मारली नव्हती. खोलीला वळसा घालून त्या समोर येत आणि मग बोलत. जेवायला समोर बसत. वीज गेली की आधी मेणबत्ती लावत, मग काय बोलायचं ते बोलत. मास्तर याला मान समजत आले होते.

चंपाबाई बैठकीत आल्या. वळसा घालून, समोर.

"तुले ठाऊक होतं?" मास्तरांनी विचारलं.

"मंग काय. चैताली रांगत होती तवापासून."

"सांगतलं काहून नाही?"

"काय सांगाव? माहं तं तुमाले समदं ऐकू येत होतं."

मास्तरांनी विचारलं, "मंग 'साफ नाही' म्हटल्यावर तुले राग कशाचा आला?"

चंपाबाईंनी त्या दोन थोराड स्पीकरांकडे बोट दाखवलं. "लहान बोलनं नसंल ऐकू येत, हे माहीत होतं. पन आधी तो डबा मोठ्यानं वाजला, मंग एवढे भोंगे लावले, समद्या गल्लीले गेलं. म्हटलं, आता तं यायले ऐकू आलंच असंल. आन् ऐकूनच म्हनत असतीन."

धम्मपालनं मध्येच सुचवलं की अ‍ॅम्प्लिफायरवर बारीक आवाज वाढवायची खिटी आहे, ती चढवून पाहू. चढवली. रांजणातून डास थोडा वर आला, बाईच्या आवाजासारखा झालाही, पण ओल्या चादरीपलीकडून बोलावं तसा. आणि चंपाबाईंचे हात पुन्हा कानांकडे जाऊ लागले. मास्तरांनी खिटी होती तिथं आणवली. मोठ्या दवाखान्यात कान तपासायला चला, असंही धम्मपालनं सांगून टाकलं. मास्तर कबूल झाले, मात्र दवाखान्यातली मशीन आधी कुणीतरी नीट पाहून घ्यावी अशी अट त्यांनी घातलीच.

मग ते उठले. आपली खुर्ची त्यांनी उचलली, दोन स्पीकरांच्या मधोमध ठेवली आणि स्वतः समोर फरशीवर मांडी घालून बसले.

"इथं बस," ते चंपाबाईंना म्हणाले.

"कायले?"

"बस तं. आन् तोंड दाखव."

चंपाबाईंनी धम्मपालकडे पाहिलं. त्याला अचानक वायर तपासायची आठवण झाली. त्या संकोचत बसल्या, पदर सारखा केला. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. ढोलकी दबली. स्वतःच्याच आवाजाबरोबर चंपाबाई नुसते ओठ हलवू लागल्या.

आणि रांजण फुटला. डासाचे शब्द झाले. एकेक शब्द घडी उलगडत पुढं येत होता. कुठं तिनं श्वास घेतला, कुठं एक अक्षर जरा लांबवलं, कुठं भीतीनं घाई केली आणि मग सावरलं, सगळं दिसत होतं, म्हणजे ऐकू येत होतं. त्या दोन्हींत काही फरक असतो हे मास्तरांना तासाभरापूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. हातभर कापड उजेडाला धरावं तसे ते तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. तिसऱ्या ओळीत एक गाठ होती. बाकी वीण एकसारखी होती.

कडवं संपलं. चंपाबाई थांबल्या. विचारलं काही नाही, नुसतं पाहिलं.

मास्तरांनी बिनआवाजाचे ओठ हलवले. धम्मपालला वाटलं, मोठेबाबांचा गळा दाटला. तो शेडमध्ये कधी गेला नव्हता. चंपाबाईंना मात्र बरोबर वाचता आलं. "तिसऱ्या ओळीत घाई झाली नं?" त्या म्हणाल्या. मास्तरांनी मान डोलावून होकार दिला आणि पुन्हा तसेच ओठ हलवले, दुसऱ्यांदा. मागालासुद्धा त्यांनी कधी दोनदा पास म्हटलं नव्हतं.

रविवारी गोधड्या भिंतीवरून उतरल्या आणि चंपाबाई तालमीला गेल्या. कडवं अजून कुणाला दिलेलं नव्हतं. कविताताईंनी सगळ्यांना उंचीप्रमाणं उभं केलं आणि सवयीनं चंपाबाईंना मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्यामागे लावलं. चंपाबाई तिथून निघाल्या, वळसा घालून पुढं आल्या आणि पहिल्या रांगेत मधोमध उभ्या राहिल्या. सगळ्या बायका पाहू लागल्या तेव्हा त्यांनी पदर सारखा करत एवढंच सांगितलं,

"मांगून आमच्या घरी ऐकू जात नाही."