धोंड्याला आलेली बिनबॅटरीची गाडी

आमच्या घरात ट्रॅक्टरची बॅटरी आण्णांच्या खाटेखाली झोपते. संध्याकाळी ट्रॅक्टर उभा केला की आण्णा बॅटरी काढून घरात आणतात आणि सकाळी परत बसवतात. वडवणीच्या आसपास बरेच जण असंच करतात. बाहेर राहिलेली बॅटरी सकाळी दिसेलच याची खात्री नसते. त्यामुळे पुढं जे घडलं त्यात वडिलांची, म्हणजे आण्णांची, काही चूक नव्हती. माझीच होती. मी बी.एस्सी.ला आहे, दुसऱ्या वर्षाला, विषय फिजिक्स. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. (पायरी चढलो, एवढंच खात्रीनं सांगता येईल.)

अधिक महिन्यात ताईचे मिस्टर, म्हणजे आमचे दाजी, पहिल्यांदाच धोंड्याच्या जेवणाला आले. जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं, मान करायचा. त्यात कमी पडलं तर ताईला सासरी पुढच्या अधिक महिन्यापर्यंत ऐकावं लागणार! दाजी पुण्याहून ताईला नव्या छोट्या हायब्रीड गाडीतून घेऊन आले होते. वडवणीच्या बाजारातून आण्णांना त्यांनी मागच्या सीटवर बसवून ऐटीत घरी आणलं.

सात धोंडे खाऊन दाजी आडवे झाले, तसे आण्णा माझ्या कानाशी आले.

“गाडी लिंबाखाली रस्त्याला हाय. परवा दिवसाढवळ्या शेजारच्या किसनतात्याच्या हिरीवरल्या मोटारीची केबल गेली. जा, बॅटरी काढून आन घरात.”

“दाजींना विचारून...?”

“आरं, जावयाचा मान करायचा का झोपमोड करायची?”

मी खुंटीवरच्या शर्टातून किल्ली काढली. लिंबाखाली जाऊन बटण दाबलं, गाडी ‘पिंक’ करून बोलली, चारी दिवे लुकलुकले. (हे दिवे कशावर लागले, हा प्रश्न फिजिक्सच्या विद्यार्थ्याला पडायला हवा होता. पडला नाही.) बॉनेट उघडलं. इंजिन होतं, पाण्याची टाकी होती, जाडजूड नारिंगी वायरी होत्या. बॅटरी नव्हती!

मी बॉनेटखाली तीनदा वाकून पाहिलं. मग धावत घरी.

“आण्णा, गेली!”

“कोन गेलं?” आई चुलीपासून उठली.

“बॅटरी! दाजींच्या गाडीची बॅटरी चोरीला गेली!”

आण्णा मटकन खाटेवर बसले. आई म्हणाली, “धोंड्याला जावयाला द्यायचं असतंय. आपन काढून घेतलं!”

“हळू बोल! ताईला कळू देऊ नगंस,” आण्णा म्हणाले. “पोरा, तू शिकलेला हायस. वडवणीत बॅटरीवाल्याला फोन लाव. उठायच्या आत दुसरी बसवू.”

मी लावला. बॅटरीवाल्यानं विचारलं, “गाडी पेट्रोलची का हायब्रीड?”

“हायब्रीड.”

“मग दोन असत्यात. एक बारा व्होल्टची बारकी, एक गाडी वढायची मोठी. कुठली गेली?”

दोन असतात हे मला माहीतच नव्हतं. पण शेजारी आण्णा अभिमानानं माझ्या तोंडाकडं बघत होते.

“दोन्ही,” मी म्हणालो.

बॅटरीवाला ओरडलाच.

“मोठी गेली? आरं, तिला हात लावला तर मानसाचा कोळसा हुतो! ती काढनारा चोर न्हाई, इंजिनेर आसंल! बरं, बारकी कसली हुती? पानी टाकायची, बिनपान्याची, का एजीएम?”

“एजीएम.” (तीन पर्याय असले की शेवटच्यावर खूण करायची, ही माझी परीक्षेतली पद्धत.)

“आन् डिकीत...” तो पुढं काहीतरी विचारत होता. अवघड प्रश्न येणार असं वाटून मी फोन ठेवला.

आण्णांनी एकदा देवाकडं, एकदा गाडीकडं पाहिलं आणि निर्णय दिला, “आपल्या ट्रॅक्टरची काढ. गेलेलीच्या बदली डिकीत ठेव. निघताना तूच सांग त्यास्नी.”

“मी?”

“मग काय मी सांगू? फिजिक्स माझं हाय का?”

मी ट्रॅक्टरची बॅटरी उचलून आणली, डिकीत ठेवली, वर पोतं टाकलं. आईनं पोत्यावर अनारशांचा डबा ठेवला.

चहा घेऊन दाजी निघाले. ताई पुढं बसली. किसनतात्याही निरोप द्यायला आले होते. मी काचेशी गेलो.

“दाजी, ते... म्हणजे... तसं पाहिलं तर...”

दाजींनी बटण दाबलं. आवाज नाही, धूर नाही, काही नाही.

“चालू नाही होणार दाजी!” मी ओरडलो. “काळजी करू नका! आम्ही ढकलतो!”

मी, आण्णा आणि तात्यांनी मागून खांदे लावले. “हां, जोर लावा!” म्हणेपर्यंत गाडी मांजरासारखी गुपचूप पुढं सटकली. आम्ही तिघं होतो तिथंच राहिलो, फक्त आडवे. मी शेणाच्या ढिगात, माझ्यावर आण्णा, सगळ्यात वर तात्या!

“बिनाबॅटरीची पळाली की!” तात्या वरून म्हणाले.

दाजी गाडी थांबवून परत आले. मी शेणातूनच बॅटरी चोरीला गेल्याचं सांगितलं. हसून हसून त्यांना लिंबाला टेकावं लागलं.

“अरे, बारकी डिकीच्या कोपऱ्यात असते, झाकणाखाली. मोठी मागच्या सीटखाली. गाडी आधी तिच्यावर निघते, म्हणून आवाज नाही. आण्णा, तुम्ही वडवणीपासून तिच्यावरच बसून आलात!”

“तरीच!” आण्णा धोतर झटकत म्हणाले. “म्हनलं बूड गरम का लागतंय!”

ताईसुद्धा हसली. मान राहिला, गाडी गेली, आम्ही धूळ दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांनी नांगरटीला जायचं म्हणून खाटेखाली हात घातला. मग दोन्ही हात घातले. मग ते वाकले.

“पोरा, ट्रॅक्टरची बॅटरी कुठं हाय?”

तेवढ्यात दाजींचा पुण्याहून फोन आला. अनारसे सगळ्यांना आवडले होते. पोत्याखालचं वाण मात्र नेमकं कुठल्या रीतीतलं, ते त्यांची आई विचारत होती.

म्हणजे त्या दिवशी आमच्या गावातून एक बॅटरी खरंच गेली. आणि बॅटरीवाला चुकला नव्हता. चोर शिकलेलाच निघाला. बी.एस्सी., दुसरं वर्ष, फिजिक्स.