डुकरांचा काटा

रादिसावला त्याच्या नावाने हाक मारणारं माणूस गावात एकच होतं. ती त्याची बायको स्तामेन्का, आणि तीही फक्त रागावली म्हणजे. बाकी गावाला तो 'पिंप'. गिरणीत गव्हाची पोती तोलायचं त्याचं काम, आणि अंगाने तो दोन पोत्यांना भारी.

पण त्याचा खरा मान वर्षातून एकदा, हिवाळ्यात, संत निकोलाच्या दिवशी. हा वितोमिरच्या घराचा राखणदार संत, आणि त्याच्या दिवशी घर पाहुण्यांना जेवू घालतं. वितोमिर म्हणजे रादिसावचा कुम. रादिसावच्या लग्नात वितोमिर साक्षीला उभा होता, आणि आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाच्याही वर. त्या दिवशी जेवणाआधी रादिसावला अंगणातल्या डुकरं तोलायच्या काट्यावर उभं करत, जेवणानंतर पुन्हा. मधला फरक किती यावर ब्रँडीच्या पैजा लागत. हसून हसून पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी येई. रादिसावला वाटे, हे प्रेम आहे. होतंही. डुकरावर काय, कसायाचं प्रेम नसतं?

एका वर्षी उन्हाळ्यात त्याच्या पायाचं एक बोट काळं पडलं आणि शहरातल्या इस्पितळात राहिलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं की आता पाव, बटाटा, घेवडा, पिठाचं, साखरेचं सगळं बंद. नाहीतर पुढच्या खेपेला अख्खं पाऊल इथे ठेवून जावं लागेल. त्याने घाबरत विचारलं, मग खायचं काय? बाई म्हणाल्या, अंडी, चीज, मांस, कोबी. रादिसाव घरी आला तो नवरदेवासारखा. डुकराचं मांस औषध म्हणून खायला सांगणारा आजार त्याच्या घराण्यात कुणाला झाला नव्हता.

हा आनंद तिसऱ्या दिवशी संपला. डोकं ठणकायला लागलं, हात थरथरू लागले, आणि पावाशिवाय मांस म्हणजे बिनवधूचं लग्न हे ध्यानात आलं. गिरणीत पापण्यांवर पीठ बसे. श्वासातून पोटात गेलेलं पीठ मोजायचं का, ही शंका तो बायकोला विचारी. शेजारणी मुद्दाम गरम पाव घेऊन येत. "आजारी माणसाला उपाशी मारतेस का गं?" असं स्तामेन्काला ऐकवत आणि पाव खिडकीत ठेवून जात. स्तामेन्का तो कोंबड्यांना घाली. कोंबड्या लठ्ठ झाल्या, रादिसाव उतरला. पट्ट्याला नवी भोकं पडली. पायाची जखम भरली.

आणि मग नाताळाआधीचा उपास लागला. उपासाला मांस नाही, अंडं नाही, चीज नाही. चालतं काय, तर पाव, घेवडा, बटाटा. म्हणजे डॉक्टरीणबाईंनी जे जे काढून घेतलं ते देवाने ताटात वाढलं, आणि बाईंनी जे दिलं ते, कोबी सोडून, देवाने उचललं. पाऊल वाचवावं की आत्मा, असा पेच भल्याभल्यांना सुटला नसता. रादिसावने आपल्या परीने सोडवला. धुरी दिलेल्या मांसाचा तुकडा कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवला आणि तो कुमाकडे निघाला.

दारातच उकडलेल्या गव्हाचा गोड लगदा आला. तो घरातल्या मेलेल्यांच्या नावाने प्रत्येकाने चमचाभर घ्यायचा. तिथे नाही म्हणता येत नाही. त्याने घेतला, आणि मेलेल्यांनी समजून घ्यावं म्हणून मनात हात जोडले. मग काटा. वितोमिरने वजन सरकवलं, पुन्हा मागे सरकवलं, आणखी मागे. पाहुण्यांचं हसू मावळलं.

"कुमा," वितोमिर म्हणाला, "असं डुक्कर मी बाजारातून परत पाठवलं असतं."

जेवणात एकादशी अन् दुप्पट खाशी असा थाट. संताच्या दिवशी उपासालाही मासा चालतो, म्हणून पिठात घोळून तळलेला कार्प आला. रादिसावने सुरीने पिठाचं साल सोलून ताटाच्या काठावर ठेवलं. वितोमिरची बायको त्या सालाकडे अशी बघत राहिली की जणू तिलाच सोललंय. जेवणानंतर काटा तसूभर हलला नाही. पैजा लावलेले सगळे हरले. त्यात वितोमिरच्या कुत्र्याने खुंटीवरच्या कोटात नाक खुपसलं आणि ते कागदाचं पुडकं भर खोलीत ओढून आणलं.

संताच्या दिवशी, उपासात, संताच्याच घरात मांस. घरधनीण छातीवर क्रूसाची खूण करून दुसऱ्या खोलीत गेली. रादिसावने पायाचं सांगायला तोंड उघडलं, पण कुणी ऐकत नव्हतं.

वर्षभर कुणी भांडलं नाही, फक्त कुणी हाक मारली नाही. आमच्याकडे घराच्या संताच्या जेवणाला कुणाला बोलवत नाहीत. येणारा आपणहून येतो, त्यामुळे 'येऊ नकोस' असंही म्हणता येत नाही. पुढच्या वर्षी रादिसाव गेला. पाऊल शाबूत, कोट अंगात लटकलेला. त्याला दाराजवळ जागा मिळाली. त्याच्या जुन्या खुर्चीत वितोमिरचा नवा जावई बोर्को बसला होता. गुबगुबीत, हसरा, शहरातला पोरगा. त्याच्या पाठीवर थापा पडत होत्या.

बोर्को पाण्यावर पाणी पीत होता. दर थोड्या वेळाने उठून परसात जात होता. येताना बूट घासत चालत होता, तळव्याखाली जमीन नीट लागत नसल्यासारखा. रादिसावला हे सगळं तोंडपाठ होतं. त्याचंही असंच सुरू झालं होतं. तो उठला, पोराच्या खुर्चीमागे गेला, कानाशी वाकला.

तेवढ्यात वितोमिर अंगणातून ओरडला, "कुमा, तू गिरणीतला माणूस. यंदा काटा तूच बघ."

सगळी खोली रादिसावकडे वळली. वर्षभरात पहिल्यांदा. कुणीतरी टाळीही वाजवली.

त्याने बोर्कोला काट्यावर उभं करून काटा बघितला, जेवणाआधी आणि जेवणानंतर. वजन सरकवताना तो बोटं नाचवी, लोकांना ताटकळत ठेवी, आणि लोक हसून हसून डोळे पुसत. वितोमिरची पैज अगदी थोडक्यात हुकत होती. रादिसाव आत गेला, पावाचा जाड तुकडा तोडला, घेवड्याच्या रश्शात मऊ होईपर्यंत बुडवला आणि काट्यावर उभ्या असलेल्या पोराच्या तोंडाशी धरला.

"खा रे बाळा," तो मायेने म्हणाला. "या वयात नाही खायचं, तर कधी?"