कानात सांगितलेली मुळी

पेणच्या ऑफिसात माझं नाव 'फॉर्मवाली' पडलं होतं, पाठीमागे आणि कधी कधी तोंडावरही. मी तिकडे लक्ष देत नसे. फॉर्म भरला नाही तर संस्था चालते कशी, हे मला कुणी सांगावं! आमचं काम तसं साधं. जुनी विद्या हातात असलेल्या माणसांना वर्षभराची फेलोशिप द्यायची, म्हणजे मजुरीला न जाता त्यांनी आपलं काम करावं, आणि ते आम्ही नोंदवून ठेवावं. धरमतरकडच्या मिठागरात उभा जन्म काढलेले एक काका वाऱ्यावरून पाऊस सांगायचे. त्यांनी महिन्याभरात वही भरून दिली. रोह्याच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या आदिवासी वाडीतली आजी मात्र एक ओळ द्यायला तयार नव्हती.

आजी बाळंतिणींना मुळी द्यायची. अंगावर दूध येत नसलं की आसपासच्या वाड्यांतल्या बाया तिच्याकडे यायच्या. ती एकटी रानात जाऊन मुळी आणायची आणि पाट्यावर वाटून द्यायची. मला तिने एक वाळका तुकडा दाखवला होता, बोटाएवढा, काळपट. झाड कधी दाखवलं नाही. नाव विचारलं की म्हणायची, "नाव एकदाच सांगायचं आसतं गो बाय. सांगितलं का आपल्याकडं ऱ्हात नाय." तिला ते तिच्या आत्याने सांगितलं होतं आणि त्या दिवसानंतर आत्या परत कधी मुळीला गेली नाही. आजीची नात पोटुशी होती. ती बाळंत झाली की आजी तिच्या कानात सांगणार होती.

वारसा देण्याची ही एक बोलायची रीत, असं मी धरून चालले. वर्ष संपत आलं तरी फॉर्ममधला मुळीच्या नावाचा रकाना रिकामाच होता, आणि माझं डोकं फिरलं. मी सरळ सांगितलं, "आजी, नाव नसेल तर फेलोशिप पुढे नेता येणार नाही. आणि उद्या तुम्हाला काही झालं तर हे सगळं मातीत जाईल." दुसरं वाक्य खरं होतं. त्यामुळे पहिलं म्हणजे शुद्ध धमकी आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

आजीने मला फोन बंद करायला लावला, जवळ ओढलं आणि कानाशी तोंड आणून नाव सांगितलं. मी ते लगेच रकान्यात लिहून टाकलं, विसरायला नको म्हणून. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "झालं," एवढंच म्हणाली.

परत येताना रोह्याचा पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात शिरले, तर कठड्याखाली एक बुटकं झुडूप दिसलं. ही ती मुळी, मी मनात म्हटलं, आणि स्कूटर पुढे काढली. नागोठण्याच्या अलीकडे पुन्हा दिसलं, रस्त्याच्या कडेला. पेणला पोचले तर ऑफिसच्या मागच्या भिंतीच्या भेगेतून दोन पानं बाहेर आलेली. मला बाजारात मेथी आणि शेपूसुद्धा भाजीवालीला विचारून घ्यावी लागते. एखादी गोष्ट कळली की ती सगळीकडे दिसायला लागते, असं मी स्वतःला समजावलं. चहा घेताना आठवलं की त्या झाडाचं पान मी कधी पाहिलंच नव्हतं. कप तसाच खाली ठेवला.

आठएक दिवसांनी आजीचा फोन आला. नात रोह्याच्या दवाखान्यातून पोराला घेऊन घरी आली होती. चौथा दिवस, आणि अंगावर थेंब नाही. "मुळी गावत नाय," आजी म्हणाली. "दोन दिस फिरत्ये. तू ये."

मी डॉक्टरांना विचारून पावडरच्या दुधाचा डबा घेऊन गेले. वाटीचमच्याने पाजलेलं दूध पोर निम्मंअधिक ओकत होतं. नात भिंतीला टेकून बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. पोराचं रडणं आता बारीक झालं होतं. संध्याकाळपर्यंत बघू, नाहीतर दवाखान्यात न्यायचं, असं ठरलं.

आजीने पहार उचलली आणि आम्ही रानात गेलो. भर दुपार होती. गुरं नाहीत, पाखरं नाहीत, आमच्या पावलांचाही आवाज येत नव्हता. आजी पुढे चालत होती, तिच्या जन्माच्या वाटेने. आणि ती त्या झाडावर पाय देऊन पुढे गेली. पुन्हा एक आलं, त्यालाही ओलांडून गेली. दोन्ही बाजूंना तीच पानं होती. ती खडकाखाली, करवंदीच्या जाळीत बघत होती, हाताने पाला बाजूला करत होती. पाल्याबरोबर ती ते झाडही बाजूला सारत होती.

"आजी," मी म्हटलं, "पायाशी बघा."

ती वाकली. पान दोन बोटांत धरून तिने चुरगाळलं आणि हुंगलं. "ह्यो?" ती म्हणाली. "ह्यो गवात हाय गो."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. तिने पहार माझ्या हातात दिली. "तूच खण. मुळी देईपातूर बोलू नको."

मी आयुष्यात कुंडीतली मातीसुद्धा उकरलेली नाही. पण मुळी कुठे वळते, कुठे जोर लावायचा नाही, हे माझ्या हाताला माहीत होतं. मी थांबवू पाहिला तरी हात थांबत नव्हता. मुळी अखंड निघाली. त्या हाताची मला भीती वाटली.

घरी येऊन मी ती वाटली आणि नातीला दिली. दिवस कलायच्या आत तिला पान्हा फुटला. पोर घटाघटा प्यायलं आणि घरातल्या बाया हसायला लागल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी काहींना आपोआप येतंच, असं कुणी म्हणेल. मीही तेच म्हटलं असतं.

आजी बाहेर ओट्यावर बसली होती. मी तिच्याजवळ बसले. मला लाज वाटत होती, आणि घेतलेलं लवकर परत करून मोकळं व्हायची घाईही झाली होती. मी तिच्या कानाशी वाकले आणि नाव सांगितलं. दोनदा, स्पष्ट. तिने मान डोलवत ऐकून घेतलं, लांबच्या गावाचं नाव ऐकावं तसं.

"नातीला सांगू का?" मी विचारलं.

"सांग. तुजं हाय आता," ती म्हणाली. "पन आज नगं. थकली हाय."

तेवढ्यात खालच्या वाटेने एक बाई वर आली. पलीकडच्या वाडीतली, तान्हं पदरात. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, तिने मला नाही. माझ्या पायांत बूट आणि गळ्यात संस्थेचं ओळखपत्र. तिला बघून आजी सवयीने उठली आणि मूल घ्यायला तिने दोन्ही हात पुढे केले. बाई तिच्या शेजारून पुढे निघून आली आणि माझ्यासमोर टेकली.

"दूध नाय येत ओ," ती मला म्हणाली.

मी आजीकडे बोट दाखवलं. बाईने वळून पाहिलं आणि ती हसली, दुसऱ्याच्या घरच्या म्हातारीकडे बघून हसतात तशी. आजीने हात खाली घेतले. मग तिने पहार उचलून आणली, माझ्या पायाशी ठेवली आणि बाईला पाणी आणायला आत गेली.