साडूंच्या पायाचं माप

माझ्या साडूंनी उभ्या आयुष्यात कुणाच्या चेहऱ्याकडं आधी बघितलं नाही. आधी पाय, मग उरलेला माणूस. धारवाडच्या कोर्टात त्यांची वकिली होती, पण हुबळीत, विद्यानगरात, सगळे त्यांना ओळखत ते बुटांचे वकील म्हणून. ते गेले, तरी त्यांच्या नावावर एक विनोद अजून चालतो: जगाला पळायचे बूट निवडून दिले आणि स्वतःच्या निवडीपायी अंगठा घालवला. तो विनोद खोटा आहे. इतकी वर्षं मीही तो ऐकून हसलोय. आता माझंही वय झालं. खरं काय ते सांगून टाकतो.

त्यांच्या घरी चहाच्या आधी पाण्यानं भरलेली परात यायची. पाय बुडवायचा आणि कोरड्या फरशीवर उमटवायचा. अख्खा तळवा उमटला तर पाय सपाट, बुटाला आतून आधार हवा. मधे नुसती बारीक पट्टी उमटली तर कमान उंच, तळ मऊ हवा. मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यालाही त्यांनी परातीत उभं केलं. मेहुणीनं कपाळाला हात लावला. "अहो, स्थळ आहे ते!"

"असू दे की. सपाट पायाचं स्थळ आहे," साडू म्हणाले. लग्न जमलं. जावई अजून त्यांनी सांगितलेलेच बूट घालतो.

दुकानात जायचं ते संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय फुगतो. पळताना घालायचे तेच मोजे घालून जायचं. पुढं बोटभर जागा सोडायची. आणि पैसे देण्याआधी रस्त्यावर पळून बघायचं, दुकानदार "वकीलसाब, बूट!" असं ओरडत मागून धावायचा. एवढं करून स्वतःसाठी मात्र काही घ्यायचे नाहीत. "इदूनू ब्याड्रि? हाही नको?" दुकानदार रडकुंडीला येऊन विचारायचा. साडू मान हलवायचे. आम्ही त्यांना चिक्कू म्हणायचो. विरलेल्या बुटांत ते उणकल तळ्याकाठी पळायचे, म्हणजे त्यांच्या मते पळायचे. म्हशी त्यांना मागं टाकून जायच्या.

त्यांच्या साठीला मी एक जोड घेतला. आदल्या दिवशी सकाळी, दिसेल त्या दुकानातून. घरी कुणाला न सांगता तळ्याकाठीच त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी बुटात हात घातला, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "अण्णा, झकास!" तेच घालून ते रोज पळू लागले. मग एकदा मोजे धुताना मेहुणीला रक्त दिसलं. त्यांना पत्ताच नव्हता.

दवाखान्यात सगळं बाहेर आलं. साखरेनं त्यांच्या पायांची जाणीव केव्हाच गेली होती. बूट चावतो की नाही हे सांगायचं पायानं, आणि पायच साक्ष देईनासे झाले होते. म्हणून कुठलाच बूट पसंत पडत नव्हता. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. अंगठा काढावा लागला. खाटेभोवती सगळे जमले असताना मेहुणीनं विचारलं, "हे मेले बूट आणले कुणी?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात साडू म्हणाले, "मीच. चुकलो." सगळे हसले, रडता रडता. मी गप्प बसलो, तो बसलोच. तिथून तो विनोद सुरू झाला आणि त्यांच्याकडं पाय दाखवायला येणारी माणसं हळूहळू थांबली. परात माळ्यावर गेली.

एकदा दोघंच असताना मी विचारलं, "माप लहान होतं, हे तुम्हाला कळलं नाही?"

"हात घातल्याबरोबर कळलं."

"मग घातले कशाला?"

"अण्णा, मी गावाचे पाय बघत आलो. माझ्या पायांकडं बघून कुणी बूट आणले, हे पहिल्यांदाच की! नको कसं म्हणू?"

मी बघितले नव्हते त्यांचे पाय. दुकानात माझाच पाय घालून बघितला, मला नीट बसले, म्हणून घेतले. एवढं त्यांना सांगायचं राहून गेलं.