पंखावरच्या माश्या

माणसानं भर श्रावणात, सोवळं नेसलेल्या गुरुजींच्या देखत, शिडीवर चढून भिंतीला नाक लावावं का? मुळीच लावू नये. मी लावलं. का लावलं, ते चहा उकळेपर्यंत सांगून टाकतो. चहा हातात आल्यावर काढण्यासारखा हा विषय नाही.

मी तळेगावचा. एका कंपनीत माल रवाना करायचं काम बघतो. सरळमार्गी माणूस, पण मोबाइलनं बिघडवला. लोकांना सिनेमाचा नाद लागतो, राजकारणाचा लागतो. मला लागला जगभरच्या चमत्कारिक प्राण्यांचा. एका प्राण्याची लेंडी चक्क चौकोनी असते, माहीत आहे? आणि ऑस्ट्रेलियात एक सुरवंट आहे, तो कात टाकतो पण जुनं डोकं टाकत नाही! डोक्यावर डोकं, त्यावर आणखी डोकं, अशी उतरंड मिरवत हिंडतो. आपल्याकडचा तो थोरला पतंग घ्या. ताटलीएवढा, पंखांच्या टोकांना सापाचं तोंड काढलेलं, आणि त्याला स्वतःला खायला धड तोंडच नाही! सुरवंट असताना काय जेवला तेवढंच. पंख फुटले की मरेपर्यंत उपास.

हे मी बायकोला उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "सापडला तर घरी आणा. सांभाळायला सोपा आहे."

अशातच मोबाइलवर मला 'तो' भेटला. पांढरा पतंग. पंखांवर मधोमध पक्ष्याच्या विष्ठेचा ओघळ, आणि ओघळाच्या दोन्ही बाजूंना एकेक माशी ताव मारत बसलेली. खरी नव्हे हो! चित्र! लालसर डोळे, पाय, पंखांवरची चमक, सगळं पंखावर रंगवलेलं. कुणाला खायची वासनाच होऊ नये म्हणून. एकानं तर लिहिलं होतं, त्याला वाससुद्धा तसाच येतो. आता हे वाचल्यावर माणूस जागेवर राहील?

त्याच आठवड्यात पवनानगरच्या मामीकडे सत्यनारायण होता. मामीनं पर्यटकांसाठी घराशेजारी नव्या खोल्या बांधल्या होत्या, त्यांची ही पूजा. बायकोला सुट्टी नव्हती, म्हणून मी एकटाच सकाळी लवकर पोचलो. चपला काढता काढता सहज वर पाहिलं आणि तसाच राहिलो, एक पाय चपलेत, एक चिखलात.

नव्या खोल्यांच्या दाराच्या बरोबर वर, पत्र्याच्या आडोशाला, नव्याकोऱ्या पांढऱ्या भिंतीवर... तो! मधोमध ओघळ. दोन्ही बाजूंना माश्या. एक इकडे, एक तिकडे.

"मामी!" माझा आवाज चिरकला. "हे बघा काय आलंय तुमच्याकडे!"

मामी बाहेर आली. वर पाहिलं. "मेल्या साळुंक्या! कालच रंग सुकलाय अन् वर शिटून गेल्या. थांब, फडकं आणते."

"हात लावायचा नाही! मामी, तो पतंग आहे!"

"पतंग? आरं, सकरांत लांब हाय अजून."

"तसला नव्हे हो. पाकोळी! विष्ठेचं सोंग घेतलेली पाकोळी!"

मामीनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू सोंग मीच घेतलंय. "पाकोळी सोंग कशापायी घेईल? तिला काय तमाशात काम करायचंय?"

मी मोबाइलमधला फोटो दाखवला. मामीनं तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, मग भिंतीकडे पाहिलं. चेहरा जरा पडला. "व्हय रं, हाय खरी तशीच," ती पुटपुटली. तिथंच मी जिंकलो, आणि तिथंच सगळं बिघडलं.

मी लांबूनच फोटो काढला आणि पतंगांच्या शौकिनांच्या एका ग्रुपवर टाकला. लोणावळ्याच्या केतकरबाईंचा लगेच फोन आला. बाई पतंगांतल्या मोठ्या जाणकार.

"फोटो फारच धूसर आहे हो. हा पतंग तिकडे ईशान्येकडच्या जंगलात सापडतो, मावळात नाही. पण असलाच तर फार मोठी गोष्ट आहे! मी आणि आमचे फोटो काढणारे सोहोनी निघतोच. तोवर कुणालाही जवळ जाऊ देऊ नका."

कुणालाही? अहो, पुढचं दार एकच आणि तो बसलेला त्या दारावर! आणि गाव निघालंय पूजेला!

मी दाराला आडवं बाकडं लावलं आणि आल्या-गेल्याला मागच्या बाजूनं वळवू लागलो. मागं म्हणजे गोठ्यावरून, न्हाणीच्या कडेनं, जुन्या घराच्या स्वयंपाकघरातून. सरपंचबाई नव्या साडीचा काठ उचलून शेणातून गेल्या. गुरुजी आले. त्यांनी गोठ्याकडे पाहिलं, स्वतःच्या सोवळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पुढच्या दाराला काय झालंय?"

"वर दुर्मिळ जीव बसलाय, गुरुजी."

गुरुजींनी वर पाहिलं. पण मागच्या दारानं गेले नाहीत. हातपाय धुतलेले तसेच अंगणात उभे राहिले.

मामी माझ्या कानाशी आली. "मिलिंदा, पूजा खोळंबली. लोक म्हनतील, नव्या घराला दारच न्हाई. तुजी पाकोळी जर खोटी निघाली ना..."

तेवढ्यात तिनं वर पाहिलं. "आरं, एक माशी कुटं गेली?"

मी पाहिलं. डावी माशी नव्हती! दुसरा कुणी असता तर तिथंच शहाणा झाला असता. पण मी पडलो वाचून आलेला माणूस!

"पंख मिटलाय त्यानं," मी म्हणालो. "डाव्या बाजूचा. म्हणून माशी आत गेली."

थोड्या वेळानं तिथं तीन माश्या होत्या.

"आन् आता?"

"आता पुरता उघडलाय!"

मनातून मात्र मी हललो होतो. मग आठवलं: वास! खात्री करून घ्यायचा सोपा उपाय. रंगाऱ्याची शिडी तिथंच पडली होती. भिंतीला लावली, चढलो, डोळे मिटले, नाक भिंतीपाशी नेलं आणि दीर्घ श्वास घेतला.

"तोच!" मी वरून ओरडलो. "अगदी तोच वास!"

गुरुजींनी उपरणं नाकाला लावलं.

आणि तेवढ्यात गाडी आली. केतकरबाई उतरल्या, मागोमाग गळ्यात भलामोठा कॅमेरा घातलेले सोहोनी. मी खाली उतरलो, बाई वर चढल्या. सगळं गाव माना वर करून उभं. बाईंनी चष्मा सारखा केला, थोडं पुढं वाकल्या आणि हलकीच फुंकर मारली.

पतंग जागचा हलला नाही. त्याच्या पंखांवरच्या माश्या तेवढ्या उडाल्या.

काय सांगू! एक बाईंच्या कानाजवळून गेली, एक गुरुजींच्या उपरण्यावर बसली. अंगणात असा हशा पिकला की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला लागली. मामीनं शिडीखालून फडकं वर दिलं, बाईंनी शांतपणे दुर्मिळ जीव पुसला, आणि लोक पुढच्या दारानं आत गेले. प्रत्येकजण जाताना आधी वर बघून, मग माझ्याकडे बघून.

केतकरबाई मोठ्या मनाच्या. मला बाजूला घेऊन समजूत घालायला लागल्या, "होतं असं. बघायची सवय लागली की..." आणि एकदम थांबल्या. "हलू नका! तुमच्या खांद्यावर..."

मी मान वळवून पाहिलं. शर्टावर बोटाच्या पेराएवढा ठिपका, पांढरा, मध्ये काळसर. शिडीवर भिंतीला घासलो होतो, तेव्हा लागला असणार.

"असू द्या हो," मी म्हणालो, "आता नाही फसायचा." आणि टिचकी मारली.

ठिपक्यानं हवेत पंख उघडले आणि तो उडाला! अंगणावरून, मांडवावरून, बांबूच्या बेटाकडे. सोहोनी कॅमेरा सावरत मागं धावले आणि चिखलात बसले. पतंग दिसेनासा झाला.

"काय... काय होतं ते?" मी विचारलं.

केतकरबाई अजून बांबूकडेच बघत होत्या. "विष्ठेसारखा दिसणारा पतंग," त्या म्हणाल्या. "आपल्या इथलाच. मला कधी नीट बघायलासुद्धा मिळाला नव्हता."

पूजा झाली. मामी प्रसादाचे द्रोण घेऊन आली. मला द्रोण देताना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खा, मिलिंदा. शिरा हाय. लागलं तर बाईंकडनं तपासून घे."

सगळे पुन्हा हसले. मीही हसलो.

पण तुमच्यापाशी म्हणून सांगतो, शिऱ्यातला बेदाणा मी उलटा करून, फुंकर मारून मगच खाल्ला.