पुलाअलीकडे उतरायचं

जुन्या पुलाशी आमची एसटी थांबायची. सगळे उतरून पायी पलीकडे जायचे आणि मागून ड्रायव्हर रिकामी गाडी आणायचा. जव्हारहून रोज वांगणीच्या शाळेत शिकवायला जाताना मला उतरण्याची सवय झाली होती, भीतीची मात्र कधीच झाली नाही.

मग नवा पूल झाला. ठेका नव्या पद्धतीचा होता. नकाशा कंपनीनेच काढायचा, पूलही तिनेच बांधायचा आणि पुढची काही वर्षं दुरुस्तीही तिच्याच गळ्यात. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, आता बसूनच राहायचं. ज्याला पुढं निस्तरायचंय, तो वाईट कशाला बांधील?" मलाही ते पटलं. निदान पाणी कमी होतं तोवर पटलं.

श्रावणात एकदा पाणी पुलाच्या तुळयांना लागलं होतं. त्या दिवशी कंपनीचा इंजिनिअर आमच्याच गाडीत होता, कारण त्याची जीप चिखलात रुतली होती. पुलाचा नकाशा त्यानेच काढलेला, हे सगळ्या गाडीला माहीत होतं. ड्रायव्हरने गाडी पुलाकडे घेतली तशी मी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली आणि इंजिनिअरकडे पाहत राहिले. मेल्याने एकदा नुसतं हसून दाखवावं, एवढंच मला हवं होतं.

तो उठून दाराशी गेला.

"जरा थांबवा," तो ड्रायव्हरला म्हणाला, "मी चालत येतो."